लाइव्ह स्टीम लघुइंजिन

लाइव्ह स्टीम लघुइंजिन : स्वतःच्या बॉयलरमध्ये वाफ करून तिच्याच जोरावर रुळावर धावणारे आगगाडीचे छोटे इंजिन. पुण्यात कोथरूडच्या जोशी लघुरेल्वे संग्रहालयातल्या मांडणीत गाड्या विजेवर धावतात. लाइव्ह स्टीममध्ये मात्र आग, पाणी आणि दाब खरे असतात. ४५ मिमी गेजची (रुळांमधल्या अंतराची) इंजिने बहुधा ब्युटेन किंवा स्पिरिटवर चालतात. ५ इंची (१२७ मिमी) इंजिन कोळशावर चालते आणि माणसे बसलेले डबे ओढते.

इंजिनाची खरी परीक्षा बॉयलरमध्ये. मूळ इंजिनाच्या बॉयलरमधल्या, आगीचा धूर नेणाऱ्या नळ्या प्रमाणात बारीक केल्या तर त्या राखेने तुंबतात. म्हणून थोड्या पण रुंद नळ्या घालतात. इथे हुबेहूबपणाचा हट्ट सोडलेलाच बरा. पुण्याच्या तांबट आळीत घडणाऱ्या तांब्याच्या बंबातही मधल्या नळीत जाळ आणि भोवती पाणी असते, पण बंबात दाब साठत नाही. इथे दर चौरस इंचाला ८० ते १०० पौंड दाब असतो आणि वाफ १६० ते १७० अंश सेल्सिअसला पोचते. एवढ्या तापमानात कथील-शिशाच्या डाखावर भिस्त ठेवता येत नाही. सांधे चांदीच्या डाखाचेच हवेत. नवा बॉयलर पाण्याने काठोकाठ भरून हातपंपाने दुप्पट दाबावर तपासतात. हवेने कधीही तपासू नये : सांधा सुटला तर पाण्याचा दाब क्षणात उतरतो, दाबलेली हवा मात्र स्फोट करते.

पेटवताना पाण्याची काच (बॉयलरमधली पातळी दाखवणारी नळी) निदान अर्धी भरलेली असावी. धुराड्यावर विजेचा छोटा पंखा बसवून रॉकेलमध्ये भिजवलेला लोणारी कोळसा पेटवतात, मग दगडी कोळसा घालतात. २० ते ३० पौंड दाब आला की इंजिनाचा स्वतःचा ब्लोअर (धुराड्यात वाफेचा झोत सोडून आगीला ओढ देणारी नळी) उघडून पंखा काढतात. निघताना सिलिंडरचे ड्रेन कॉक (साचलेले पाणी सोडण्याच्या तोट्या) उघडे ठेवावेत. आत वाफ निवून साचलेले पाणी दबत नाही, त्याने सिलिंडरचे झाकण फुटू शकते.

दाब चढत नसेल तर आधी स्मोकबॉक्सच्या (धुराड्याखालच्या धुराच्या पेटीच्या) दाराची फट आणि वापरलेली वाफ धुराड्यात सोडणाऱ्या ब्लास्ट नळीचे तोंड धुराड्याच्या बरोबर मध्याखाली आहे का ते पाहावे. फट असली की आगीला ओढ मिळत नाही. इंजेक्टर, म्हणजे वाफेच्या जोरावर बॉयलरमध्ये पाणी भरणारे साधन, गरम पाणी उचलत नाही. बोअरच्या जड पाण्याचा क्षार त्याच्या शंकूंत बसला तरी तो रुसतो. दोन सिलिंडरच्या इंजिनात चाकाच्या एका फेऱ्यात चार सारखे फुत्कार ऐकू यावेत. एखादा लंगडा वाटला तर सिलिंडरमध्ये वाफ सोडणाऱ्या झडपांची वेळ चुकलेली असते. काचेत पाणी दिसेनासे झाले तर बॉयलरमध्ये नवे पाणी सोडण्याच्या फंदात न पडता आधी आग खाली पाडावी.