बालकुपोषण व प्रतिरक्षाविकास

बालकुपोषण व प्रतिरक्षाविकास : गर्भावस्थेपासून साधारण दुसऱ्या वर्षापर्यंतची उपासमार व वारंवारची आजारपणे यांचा मुलाच्या प्रतिकारशक्तीच्या जडणघडणीवर होणारा परिणाम. सुकटी (मूल हाडकुळे होते) व सुजवटी (अंगावर सूज येते) ही कुपोषणाची तीव्र रूपे सर्वपरिचित आहेत. बोभाटा न होता खुरटत जाणारी मुले त्यांहून पुष्कळ जास्त.

या विषयाची जुनी खूण म्हणजे यौवनलोपी ग्रंथी (थायमस). उरोस्थीमागच्या या ग्रंथीत टी-पेशी, म्हणजे संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, परिपक्व होतात. खंगलेल्या मुलांत ती आक्रसते आणि म्हणून पोषणाची नाजूक निदर्शक ठरते, असे जॉन सायमन यांनी 1845 मध्येच मांडले होते. पुढे मात्र उलटाच घोळ झाला. शवविच्छेदनाला येणारी मुले बहुधा गरिबांची, दीर्घ आजाराने गेलेली असत. त्यांची सुकलेली ग्रंथीच प्राकृत मानली गेली. साहजिकच अचानक दगावलेल्या बाळसेदार मुलाची ग्रंथी ‘वाढलेली’ दिसू लागली. पाल्टाउफ यांनी 1889 मध्ये या समजुतीला रोगाचे नाव दिले आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात धडधाकट तान्ह्यांच्या छातीवर क्ष-किरण सोडून ती आटवली जाऊ लागली. त्यांतल्या काहींना पुढे अवटू (थायरॉइड) ग्रंथीचा कर्करोग झाला. ग्रंथीचे खरे कार्य जाक मिलर यांच्या 1961 च्या उंदरांवरील प्रयोगांतून कळले.

उपासमारीत व तापात कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक वाढते, लेप्टिन हे चरबीतून स्रवणारे संप्रेरक घटते आणि ग्रंथीच्या बाह्यकातील (बाहेरच्या थरातील) कोवळ्या पेशी मरतात. अन्न मिळाले की ग्रंथी पुन्हा भरते, पण सावकाश. बोलिव्हियातील निरीक्षणांत मुलांचे वजन सुमारे महिन्याभरात सावरले, ग्रंथीला मात्र दोन महिने लागले. वजन भरले म्हणून घरी पाठवलेले मूल पुन्हा आजारी होऊन येते, त्याचे एक कारण हे असावे.

आजार व कुपोषण एकमेकांना पोसतात, हा विचार स्क्रिमशॉ, टेलर व गॉर्डन यांनी 1959 च्या लेखात व 1968 च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रबंधात मांडला. याहून वेगळे मत गँबियातील 1997 च्या अभ्यासाचे : टंचाईच्या पावसाळी महिन्यांत जन्मलेल्यांचे मृत्यू तारुण्यात अधिक, म्हणजे प्रतिरक्षेची उणीव गर्भातच ठरते. बांगलादेश व सेनेगलमध्ये असा संबंध आढळला नाही. त्यामुळे जन्मकाळाचा प्रभाव मान्य करूनही जन्मानंतरच्या संसर्गांना अधिक वजन देणे सयुक्तिक वाटते. गोवराचे उदाहरण स्पष्ट आहे. 2019 च्या एका अभ्यासात या आजारानंतर मुलांच्या आधीच्या प्रतिपिंडांपैकी (रोगजंतूंना ओळखणाऱ्या रक्तातील प्रथिनांपैकी) 11 ते 73 टक्के नाहीसे झालेले दिसले. म्हणजे पूर्वीच्या आजारांतून शरीराने कमावलेली ओळख पुसली जाते.

आजार व कुपोषण यांच्या या चक्रातला नित्याचा दुवा हगवण. गोव्यात तिच्या इतिहासाला ‘मोडशी’ हा शब्द जोडलेला आहे. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने गोव्यातच 1563 मध्ये छापलेल्या ग्रंथात पटकीसारख्या रोगाचे वर्णन केले व इथले लोक त्याला ‘मोर्शी’ म्हणतात असे नोंदवले. पोर्तुगिजांनी त्याचे ‘मोर्देशी’ केले. फ्रेंचांनी तर ‘मोर्त द श्यँ’, म्हणजे कुत्र्याचे मरण, असा भलताच अर्थ लावला. कोकणी-मराठी ‘मोडणे’ या धातूपासूनची व्युत्पत्ती अधिक ग्राह्य दिसते. ओर्ताच्या रोगात आजची पटकी किती व इतर अतिसार किती, हे सांगणे अवघड; मराठीत मोडशी आता अपचनापुरती उरली आहे.

वारंवारच्या संसर्गाने आतड्यातील रसांकुर (अन्नरस शोषणारे बारीक उंचवटे) खुजे होतात, आतडे गळके बनते व दाह सतत धुमसत राहतो. तोंडावाटे दिलेल्या लसी अशा आतड्यात कमी लागू पडतात : भारतीय रोटाव्हायरस लसीचे गंभीर अतिसाराविरुद्धचे संरक्षण पहिल्या वर्षी सुमारे 56 टक्के भरले, युरोपात अशा लसींचे 85 टक्क्यांहून जास्त असते. बाळंतपणानंतरच्या आईच्या पहिल्या दुधातील, म्हणजे चिकातील, प्रतिपिंडे आतड्याच्या अस्तराला सुरुवातीचे कवच देतात.

गोवा : दरडोई उत्पन्नात अग्रेसर असूनही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात राज्यातील पाच वर्षांखालील खुज्या मुलांचे प्रमाण 2015-16 मध्ये सुमारे 20 टक्के, तर 2019-21 मध्ये सुमारे 26 टक्के होते. राज्यातला नमुना लहान असल्याने ही वाढ जपूनच वाचावी. म्हापशातील प्रसूत मातांचा विक्रम पटेल व सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास (2003) अधिक बोलका आहे : बाळंतपणानंतर विषण्ण झालेल्या मातांची मुले सहा महिन्यांची असताना वजनाने व लांबीने कमी भरली.

अंगणवाडीत दंडघेराची रंगीत पट्टी वापरतात; 11.5 सेंमी.खाली लाल (तीव्र कुपोषण), 12.5 पर्यंत पिवळा (मध्यम). घरचे पूरक अन्न म्हणजे उकड्या तांदळाची पेज. ती पोट भरते, पण तिच्यात पाणीच फार. नाचणीचे तिजण (गोव्याकडची खीर) गूळ व नारळाच्या रसामुळे अधिक सकस ठरते. नाचणीतील फायटेटे (धान्यातील खनिजे बांधून ठेवणारी द्रव्ये) जस्त अडकवून ठेवतात आणि जस्त कमी पडले की यौवनलोपी ग्रंथी आक्रसते. नाचणीला मोड आणून दळल्यास फायटेटे घटतात.