कॉलेज फुटबॉल प्लेऑफ : संघनिवड आणि न्याय

अमेरिकेतील विद्यापीठांच्या फुटबॉल संघांतून राष्ट्रीय विजेता ठरवण्यासाठी हंगामाच्या शेवटी होणारी बाद फेरीची स्पर्धा. येथे फुटबॉल म्हणजे चेंडू हातात घेऊन पळण्याचा, शिरस्त्राण आणि छाती-खांद्यांचे कवच चढवून खेळायचा अमेरिकी खेळ. २०१४ च्या हंगामापासून या स्पर्धेत चार संघ असत. २०२४ पासून बारा असतात. प्रवेश मिळवणारे संघ गुणतक्त्यावरून ठरत नाहीत. तेरा जणांची समिती क्रमवारी लावते आणि त्या क्रमवारीवरून बारा नावे निघतात. म्हणूनच दर डिसेंबरात न्यायाचा प्रश्न उभा राहतो आणि त्याचे समाधानकारक उत्तर अजून कोणाला देता आलेले नाही.

वादाचे मूळ खेळाच्या रचनेतच आहे. वरच्या श्रेणीत १३० हून अधिक संघ, आणि प्रत्येकाच्या वाट्याला नियमित हंगामात जेमतेम १२ सामने. खेळ इतका अंगमोडीचा की आठवड्याला एकापेक्षा जास्त सामना खेळवता येत नाही. संघ ‘कॉन्फरन्स’ नावाच्या गटांत विभागलेले आहेत, पण हे गटही आता अवाढव्य झाले आहेत. बिग टेनमध्ये नाव दहाचे असले तरी १८ संघ आहेत, एसईसीमध्ये १६. बिग टेनचा संघ आपल्या गटातल्या फक्त नऊ संघांशी खेळतो, म्हणजे गटातल्या गटातसुद्धा निम्म्या संघांची गाठ पडत नाही. नोटर डेम तर फुटबॉलमध्ये कोणत्याच कॉन्फरन्सचा सदस्य नाही. अशा वेळी दोन संघांनी प्रत्येकी दहा सामने जिंकले, एवढ्यावरून त्यांची बरोबरी मांडता येत नाही. कोणाचे दहा विजय अधिक वजनदार, हे कोणीतरी ठरवावे लागते.

इतिहास : बराच काळ हे काम पत्रकार करत. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेची क्रमवारी १९३६ पासून सुरू आहे; पुढे प्रशिक्षकांची वेगळी क्रमवारी आली, आणि दोन्हींचे पहिले नाव वेगळे निघाले की त्या वर्षी दोन ‘राष्ट्रीय विजेते’ होत. १९९८ मध्ये बीसीएस ही पद्धत आली. मतदानाच्या याद्या आणि संगणकी गणिते यांची बेरीज करून पहिले दोन संघ काढायचे आणि त्यांचा अंतिम सामना लावायचा. २००४ मध्ये ऑबर्न एकही सामना न हरता बाहेर राहिला. त्याच्याऐवजी अंतिम सामना खेळलेल्या ओक्लाहोमाचा सदर्न कॅलिफोर्नियाने ५५-१९ असा फडशा पाडला. २०११ मध्ये अंतिम सामन्यात एकाच कॉन्फरन्सचे, हंगामात एकदा भिडलेले लुइझियाना स्टेट आणि अलाबामा पुन्हा समोरासमोर आले. त्यावरून इतका गदारोळ झाला की २०१२ मध्ये चार संघांच्या प्लेऑफचा निर्णय झाला आणि संगणकाची जागा समितीला मिळाली.

समितीचे काम : समितीत विद्यापीठांचे क्रीडा संचालक, माजी प्रशिक्षक, माजी खेळाडू असे लोक असतात. पहिल्या समितीत माजी परराष्ट्रमंत्री कॉन्डोलीझा राइसही होत्या. टेक्ससमधील ग्रेपव्हाइन येथे नोव्हेंबरपासून दर आठवड्याला बैठक होते आणि २५ संघांची क्रमवारी जाहीर होते. शेवटची क्रमवारी डिसेंबरातल्या एका रविवारी. ज्या विद्यापीठाशी सदस्याचा थेट संबंध, त्याची चर्चा सुरू झाली की तो खोलीबाहेर जातो. मतदान गुप्त असते. प्रतिस्पर्ध्यांची ताकद, आमनेसामनेचा निकाल, समान प्रतिस्पर्ध्यांविरुद्धची कामगिरी आणि कॉन्फरन्सचे विजेतेपद हे निकष लेखी आहेत, पण कोणत्या निकषाला किती वजन द्यायचे हे कुठेही लिहिलेले नाही. कोणी कोणाला मत दिले हेही बाहेर येत नाही. निकाल लागल्यावर अध्यक्ष दूरचित्रवाणीवर येऊन कारणे सांगतात, आणि एका आठवड्याचे कारण पुढच्या आठवड्याला लागू पडेलच असे नसते.

सर्वोत्तम की सर्वाधिक पात्र : न्यायाच्या चर्चेतला खरा पेच हा. आज मैदानात उतरला तर जिंकेल असा संघ घ्यायचा, की हंगामभर ज्याने जिंकून दाखवले तो? २०२३ मध्ये हा पेच उघड्यावर आला. फ्लोरिडा स्टेटने तेराच्या तेरा सामने जिंकले, एसीसी कॉन्फरन्सचे विजेतेपदही मिळवले. पण नोव्हेंबरात त्यांचा क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणाची सूत्रे हलवणारा खेळाडू, जॉर्डन ट्रॅव्हिस पायाच्या गंभीर दुखापतीने बाहेर गेला. पुढचे सामने संघाने बचावाच्या बळावर काढले. दरम्यान अलाबामाने एसईसीच्या अंतिम सामन्यात आधीच्या दोन वर्षांच्या राष्ट्रीय विजेत्या जॉर्जियाला हरवले. अलाबामाच्या नावावर एक पराभव होता, तोही स्वतःच्या मैदानावर, टेक्ससकडून. म्हणजे अलाबामाला घ्यायचे तर टेक्ससला डावलता येत नव्हते. समितीने मिशिगन, वॉशिंग्टन, टेक्सस आणि अलाबामा ही चार नावे जाहीर केली. फ्लोरिडा स्टेट पाचवा. तेव्हाच्या मोठ्या पाच कॉन्फरन्सपैकी एखादीचा अपराजित विजेता चार संघांच्या प्लेऑफबाहेर राहण्याची ती पहिली आणि शेवटची वेळ.

निकषांत महत्त्वाच्या खेळाडूच्या अनुपलब्धतेचा विचार करण्याची मुभा होती, त्यामुळे निर्णय नियमाबाहेरचा नव्हता. पण तो अन्यायकारक होता, असेच म्हणावे लागते. एक खेळाडू जायबंदी झाला म्हणून उरलेल्या संघाने मैदानावर मिळवलेले तेरा विजय समितीच्या अंदाजापुढे हलके ठरले. पुढे ऑरेंज बोल या हंगामाअखेरच्या मानाच्या सामन्यात (असे सामने ‘बोल’ म्हणून ओळखले जातात) जॉर्जियाने फ्लोरिडा स्टेटला ६३-३ असे धुतले आणि समितीचे समर्थक ‘बघा, आम्ही म्हणत होतो’ म्हणू लागले. त्या सामन्यातून फ्लोरिडा स्टेटच्या अनेक प्रमुख खेळाडूंनी आधीच अंग काढून घेतले होते. त्या निकालाने काहीच सिद्ध होत नाही.

लहान कॉन्फरन्सच्या संघांची व्यथा याहून जुनी. २०१७ मध्ये सेंट्रल फ्लोरिडाचा संघ नियमित हंगामात अपराजित राहूनही समितीच्या क्रमवारीत बाराव्या स्थानी होता. त्याने पीच बोलमध्ये ऑबर्नला ३४-२७ असे हरवले. त्या वर्षी राष्ट्रीय अंतिम सामना खेळलेल्या अलाबामा आणि जॉर्जिया या दोघांनाही याच ऑबर्नने हंगामात नमवले होते. चार संघांच्या दहा वर्षांत लहान कॉन्फरन्समधून एकच संघ आत गेला : २०२१ चा सिनसिनाटी.

विस्तार : बारा संघ झाल्यावर पाच जागा कॉन्फरन्स-विजेत्यांपैकी क्रमवारीत वरच्या पाचांना आणि सात जागा उरलेल्यांतून, असे सूत्र ठरले. मोठ्या कॉन्फरन्स तोवर चारच उरल्या होत्या, त्यामुळे लहान कॉन्फरन्सच्या किमान एका विजेत्याला दार उघडे झाले. विस्ताराचा सर्वांत मोठा लाभ हाच. पहिल्या वर्षी वरची चार मानांकने आणि पहिल्या फेरीतली पुढे चाल फक्त विजेत्यांना होती. परिणाम असा की क्रमवारीत नवव्या बॉईसी स्टेटला तिसरे आणि बाराव्या ॲरिझोना स्टेटला चौथे मानांकन मिळाले. पुढे चाल मिळालेले चारही संघ उपांत्यपूर्व फेरीतच हरले आणि आठव्या मानांकनाचा ओहायो स्टेट विजेता ठरला. २०२५ पासून मानांकन थेट क्रमवारीनुसार झाले.

संघ वाढले तरी वाद मिटला नाही. चौथ्या-पाचव्या क्रमांकावरचा तंटा दहाव्या-अकराव्यावर गेला. २०२४ मध्ये शेवटची जागा सदर्न मेथडिस्टला मिळाली, तीन पराभवांच्या अलाबामाला नाही. सदर्न मेथडिस्ट आपल्या कॉन्फरन्सचा अंतिम सामना क्लेम्सनविरुद्ध अखेरच्या क्षणी झालेल्या ५६ यार्डांच्या फील्ड गोलवर, म्हणजे लाथेने गोलखांबांमधून मारलेल्या चेंडूवर, हरला होता. अंतिम सामना खेळायला मिळाला हीच कमाई असताना त्याच सामन्यातल्या पराभवाची शिक्षा द्यायची, आणि घरी बसलेल्यांना फायदा, हे चालणार नाही, अशी भूमिका समितीने घेतली. ती योग्यच होती. पुढच्याच वर्षी मात्र ती सगळ्यांना सारखी लागली नाही. जॉर्जियाकडून २८-७ असा हरलेला अलाबामा नवव्या स्थानावरून हलला नाही, तर टेक्सस टेककडून ३४-७ असा हरलेला ब्रिगहॅम यंग अकराव्यावरून बाराव्यावर गेला.

त्या एका पायरीने दुसऱ्याच दोन संघांचे भवितव्य बदलले. शेवटून दुसऱ्या क्रमवारीत नोटर डेम दहावा, ब्रिगहॅम यंग अकरावा आणि मायामी बारावा होता. मायामीने हंगामाच्या सुरुवातीलाच नोटर डेमला २७-२४ असे हरवले होते आणि दोघांचेही विजय-पराभव १०-२ असे सारखे होते. तरी समिती आठवड्यामागून आठवडे नोटर डेमला वर ठेवत आली. शेवटच्या आठवड्यात दोघांपैकी कोणीही खेळले नाही. पण मधला ब्रिगहॅम यंग खाली गेल्याने दोघे शेजारी आले, समितीने आमनेसामनेचा निकाल काढला आणि मायामीला दहावे स्थान दिले. शेवटच्या दोन जागा क्रमवारीत खाली असलेल्या कॉन्फरन्स-विजेत्यांना द्यायच्या असल्याने अकरावा नोटर डेम बाहेर गेला. रागाने त्या संघाने बोल सामना खेळायलाही नकार दिला. निवड बरोबर होती, रीत चुकीची. ऑगस्टअखेर लागलेला निकाल महत्त्वाचा होता तर तो नोव्हेंबरातही तितकाच महत्त्वाचा असायला हवा होता. मायामीने पुढे टेक्सस ए अँड एम, ओहायो स्टेट आणि ओल मिस यांना हरवून अंतिम फेरी गाठली आणि तिथे इंडियानाकडून २७-२१ असा पराभव पत्करला.

पैसा : २०२४ आणि २०२५ मध्ये संघ निवडला गेला की त्याच्या कॉन्फरन्सला ४० लाख डॉलर मिळत, पुढच्या फेऱ्यांचे वेगळे. ईएसपीएन या क्रीडावाहिनीशी झालेला प्रक्षेपणाचा नवा करार सहा वर्षांचा आणि ७.८ अब्ज डॉलरचा आहे. २०२६ पासूनच्या वाटणीत बिग टेन आणि एसईसी यांना प्रत्येकी सुमारे २९ टक्के जातात. स्पर्धेचे स्वरूप ठरवण्यातही याच दोन कॉन्फरन्सचा शब्द चालतो. सोळा संघांच्या एका प्रस्तावात या दोघींना प्रत्येकी चार जागा हंगामाआधीच राखून ठेवायच्या होत्या. मैदानावर पाऊल टाकण्याआधी अशी वाटणी करणे हे समितीच्या कोणत्याही चुकीपेक्षा वाईट, आणि त्याला इतर कॉन्फरन्सनी केलेला विरोध रास्त होता.

२०२६ साठी बारा संघ कायम राहिले, सूत्र मात्र बदलले. चारही मोठ्या कॉन्फरन्सच्या विजेत्यांना क्रमवारी न पाहता थेट प्रवेश, इतरांमधल्या सर्वांत वरच्या विजेत्याला एक जागा, आणि नोटर डेम पहिल्या बारांत असेल तर त्यालाही हमखास प्रवेश. २०२५ ची अंतिम क्रमवारी धरून हा नियम लावला तर लहान कॉन्फरन्समधून आलेला जेम्स मॅडिसन बाहेर जातो आणि पाच सामने हरलेला एसीसी-विजेता ड्यूक आत येतो. अकराव्या स्थानावरचा नोटर डेमही आत येतो, आणि त्याच्यासाठी जागा सोडावी लागते ती दहाव्या मायामीला.