चिलीत जुनी मोटरसायकल घेऊन दक्षिण अमेरिका फिरायची असेल तर: पात्रता, कागदपत्रं आणि क्रम

इथली गाडी जहाजाने दक्षिण अमेरिकेत पाठवायची म्हणजे जाता-येता भाडं आणि दोन्ही बंदरांतलं कस्टम. त्यापेक्षा तिथेच जुनी गाडी घ्या आणि निघताना विका. त्यासाठी चिली सोयीचा देश आहे, कारण पर्यटक म्हणून आलेल्या परदेशी माणसाच्याही नावावर तिथे गाडी होते आणि ती सीमेपार नेता येते. गाडी मिळणं सोपं आहे. खरा वेळ लागतो तो कागदावर आपलं नाव यायला, त्यामुळे सुट्टीचा हिशोब त्यावरून करा. सांतियागोत निदान तीन आठवडे हाताशी ठेवा, असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी घरची तयारी. आरटीओतून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढा. अर्ज परिवहनच्या सारथी पोर्टलवरून करता येतो, शुल्क 1000 रुपये आणि मुदत एक वर्ष. 2021 पासून या अर्जाला व्हिसा किंवा वैद्यकीय दाखला जोडावा लागत नाही. आपल्या मूळ परवान्यावर गिअरच्या मोटरसायकलची नोंद आहे ना, ते मात्र बघून घ्या. फक्त कारचा परवाना असेल तर पुढचं सगळं अडतं. तिकडे दोन्ही परवाने सोबत लागतात.

व्हिसाकडे जास्त लक्ष द्या. चिलीचा रस्ता दक्षिणेला सलग जात नाही. पुएर्तो मोंतपासून निघणारा कारेतेरा आउस्त्राल हा महामार्ग सुमारे 1240 किलोमीटरवर व्हिया ओ'हिगिन्सला संपतो. पुढे चिलीच्याच दक्षिण टोकाकडच्या पुंता अरेनासला रस्त्याने जायचं तर अर्जेंटिनातून वळसा घालावाच लागतो, आणि अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकाच्या उश्वायाला जायचं तर सीमा आणखी ओलांडावी लागते. म्हणून दोन्ही देशांचा व्हिसा अनेक प्रवेशांचा मागा. एकाच प्रवेशाचा व्हिसा हातात आला तर बेत तिथेच बदलावा लागेल. पर्यटक म्हणून चिलीत एका वेळी 90 दिवस राहता येतं.

अर्जेंटिना, पेरू, बोलिव्हियातून परत भारतात येताना पीतज्वराच्या लसीचं पिवळं पुस्तक विमानतळावर मागतात. नसेल तर सक्तीने विलगीकरणात ठेवू शकतात. लस सरकारमान्य केंद्रातच घ्यायची आणि निदान 10 दिवस आधी. पैशांचं म्हणाल तर नोटांच्या रूपात 3000 डॉलरपर्यंतच नेता येतात, बाकी फॉरेक्स कार्डावर ठेवा.

चिलीत उतरल्यावर पहिलं काम 'रूत'. हा तिथल्या करखात्याचा क्रमांक, आपल्या पॅनसारखा. त्याशिवाय गाडी नावावर होत नाही. अर्ज करखात्याच्या कार्यालयात करायचा. पासपोर्ट लागतो, आणि तुम्ही तिथले रहिवासी नसल्यामुळे चिलीत पत्ता असलेला एक प्रतिनिधी लागतो. त्याच्या नावाचं अधिकारपत्र नोटरीकडून करून घ्यायचं. ओळखीचं कुणी नसेल तर हे काम फी घेऊन करणारे असतात. निघण्याआधीच कुणाशी तरी बोलून ठेवा, कारण तिथे पोचल्यावर प्रतिनिधी शोधण्यात फार दिवस जातात.

गाडी पसंत पडली की लगेच पैसे देऊ नका. गाडीचं 'पाद्रोन', म्हणजे आपलं आरसी बुक, हातात घ्या आणि हँडलखालच्या मानेवरचा चासी नंबर फडक्याने ग्रीस पुसून एकेक अक्षर जुळवा. त्यावर वंगण आणि धुळीचा थर बसलेला असतो, 3 आणि 8 मधला फरकही दिसत नाही. विकणारा घाई करत असला तरी हे पाच मिनिटांचं काम सोडू नका. मग नागरी नोंदणी कार्यालयाकडून, म्हणजे 'रेजिस्त्रो सिव्हिल'कडून दोन दाखले घ्या. एकात मालक कोण आणि गाडीवर कर्जाचा बोजा आहे का ते कळतं, आपल्याकडच्या हायपोथिकेशनसारखं. दुसऱ्यात न भरलेले दंड दिसतात. दोन्ही स्वच्छ असतील तरच पुढे जा.

वार्षिक रस्ता कर म्हणजे 'पेर्मिसो दे सिर्कुलासियोन'. तो नगरपालिकेत भरतात आणि मोटरसायकलसाठी शेवटची तारीख 31 मार्च असते. तांत्रिक तपासणीचा दाखला आणि 'सोआप' हा सक्तीचा अपघात विमाही चालू हवा. सोआपचा हप्ता कारपेक्षा मोटरसायकलला बराच जास्त पडतो, आणि त्यात माणसांची दुखापत येते, दुसऱ्याच्या गाडीचं नुकसान येत नाही.

व्यवहार नोटरीकडे किंवा थेट रेजिस्त्रो सिव्हिलमध्ये होतो. नोटरीकडे सहीसोबत अंगठाही उठवतात. विक्रीची किंमत आणि सरकारी मूल्यांकन यांतली मोठी रक्कम धरून 1.5 टक्के हस्तांतरण कर लागतो. म्हणून कागदावर किंमत कमी लिहिण्याचा सल्ला कुणी दिला तरी त्यात फायदा नाही. पोचपावती जपून ठेवा. नवं पाद्रोन तुमच्या नावाने आल्यावरच सीमेकडे निघा, कारण गाडी दुसऱ्याच्या नावावर असेल तर कस्टम मालकाचं नोटरी केलेलं परवानगीपत्र मागतं.

सीमेवर गाडीचा तात्पुरता बाहेर जाण्याचा आणि पलीकडे तात्पुरत्या आयातीचा कागद होतो. पलीकडच्या कागदावरची मुदत तिथेच उभं राहून वाचा. अर्जेंटिनासाठी तिथे चालणारा तृतीय पक्ष विमा हवा, पेरूत 'सोआत' हा तिथला सक्तीचा अपघात विमा काढावा लागतो. चिली-अर्जेंटिना सीमेवरचा लोस लिबेर्तादोरेसचा घाट हिवाळ्यात बर्फाने बंद होतो, तेव्हा जून ते ऑगस्टमध्ये त्यावर विसंबू नका. परत चिलीत शिरताना ताजी फळं, बिया, मध सामानात असतील तर घोषणापत्रावर लिहा, नाहीतर मोठा दंड होतो.

ही गाडी भारतात आणायचा विचार मात्र करू नका. तीन वर्षांपेक्षा जुनं वाहन आयातच करता येत नाही. तात्पुरत्या आयातीवर नेलेली गाडी दुसऱ्या देशात विकणं बेकायदा आहे, म्हणून चिलीतच विका. विमान पकडायची घाई असेल तर ओळखीच्या माणसाला नोटरीचं अधिकारपत्र देऊन विक्री त्याच्यावर सोपवता येते. पण घेणाऱ्याच्या नावावर गाडी झाल्याची नोंद रेजिस्त्रो सिव्हिलमध्ये बघितल्याशिवाय निश्चिंत होऊ नका, कारण तोवर त्या गाडीचा प्रत्येक दंड तुमच्याच रूतवर चढत राहतो.