ट्रॅक्टर-अवजारांचं अनुदान: अर्ज सोपा आहे, अडतं ते सातबारा, मॉडेल आणि तारखेपाशी

आमच्या सेवा केंद्रात महाडीबीटीचा (राज्य सरकारच्या योजनांच्या पोर्टलवरचा) अर्ज भरायला माणूस आला की पहिला प्रश्न ठरलेला. "दादा, निम्मे पैसे सरकार देतं ना?" तर आधी तेच निस्तरून घेऊ. कृषी यांत्रिकीकरण उपअभियानात महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि अल्प-अत्यल्प भूधारकांना ५० टक्के, बाकीच्यांना ४० टक्के अनुदान आहे, हे खरं. पण त्या वाक्याचं शेपूट कोणी वाचत नाही: "किंवा कमाल मर्यादा, यांपैकी जे कमी असेल ते." आपल्या राज्यात ट्रॅक्टरला ही मर्यादा पहिल्या गटासाठी १ लाख २५ हजार आणि दुसऱ्यासाठी १ लाख अशी चालत आलेली आहे. आठ लाखांच्या ट्रॅक्टरवर चार लाख येणार नाहीत, सव्वा लाख येतील. सहा फुटी रोटाव्हेटरला तेच आकडे ४४,८०० आणि ३५,८०० असे राहिलेत. या मर्यादा अधूनमधून बदलतात, म्हणून तुमच्या पूर्वसंमती पत्रावर (यंत्र घेण्याआधी मिळणारी कृषी विभागाची मंजुरी) जो आकडा असेल तोच खरा माना आणि बँकेच्या हप्त्याचा हिशेब त्यावर बसवा. शोरूममधला पोरगा तोंडी सांगेल त्यावर नाही.

अर्ज भरण्यात फार काही नाही. महाडीबीटीवर शेतकरी म्हणून लॉगिन, "कृषी यांत्रिकीकरण" निवडायचं, यंत्र निवडायचं, २३ रुपये ६० पैसे भरायचे, पावती ठेवायची. पूर्वी यानंतर लॉटरीची वाट बघावी लागायची. २०२५ पासून लॉटरी गेली, आता जो आधी अर्ज करेल त्याचा नंबर आधी. म्हणून एक सांगून ठेवतो: अर्जात बारीकशी चूक दिसली म्हणून रागारागात तो रद्द करून नवा भरू नका. रांग अर्जाच्या तारखेने लागते. दोन वर्षं जुना अर्ज रद्द केला म्हणजे रांगेतून उठून मागे जाऊन बसलात.

१५ एप्रिल २०२५ पासून कृषी योजनांना फार्मर आयडी, म्हणजे शेतकरी ओळख क्रमांक, लागतोच. तो काढताना तुमच्या सगळ्या गावांतले गट जोडले गेलेत का हे बघा. पुष्कळांची थोडी जमीन सासरच्या किंवा आजोळच्या गावात असते. आठ-अ (तुमच्या खात्यावरच्या सगळ्या जमिनीचा उतारा) त्या त्या गावापुरताच निघतो, त्यामुळे दोन गावांत जमीन असेल तर दोन्हीकडचे आठ-अ लागतात. एकच जोडून "मी अल्पभूधारक" म्हणणाऱ्याची सगळी जमीन मिळून दोन हेक्टरच्या वर निघाली, की ५० टक्क्यांचा अर्ज तिथेच अडकतो. आणि जमीन खरंच दोन हेक्टरच्या आत असेल, तर पुरावा आधीच हाताशी ठेवा.

आता सातबारा. कसतो एक आणि उताऱ्यावर नाव दुसऱ्याचं, हे आपल्याकडे घरोघर आहे. वडील जाऊन सहा वर्षं झाली, तिघे भाऊ तोंडी वाटणीने आपापला तुकडा कसतात, आणि उताऱ्यावर अजून वडिलांचंच नाव. काहींच्या उताऱ्यावर तर आजोबा. "सगळ्या गावाला माहीत आहे जमीन माझी आहे," असं मला ऐकवून उपयोग नाही, पोर्टल गावातलं नाही. वारस नोंद करावीच लागते: मृत्यूचा दाखला, वारसांची माहिती आणि प्रतिज्ञापत्र घेऊन ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे (म्हणजे आपला तलाठीच, नाव बदललंय) अर्ज. मग नोटीस निघते, तिचे पंधरा दिवस जातात, हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी फेरफार, म्हणजे उताऱ्यावरच्या नोंदीतला बदल, मंजूर करतात. कागदावर हे एवढंच आहे. प्रत्यक्षात पेरणीच्या दिवसांत गेलात तर पंचनामे, निवडणुका, सर्व्हर, सगळं तुमच्याच वाट्याला येतं. म्हणून यंत्राचा विचार डोक्यात आला त्या आठवड्यात फेरफाराचा अर्ज टाका, निवड झाल्यावर नव्हे. निवडीनंतर कागद अपलोड करायला मोजके दिवस मिळतात, त्यात फेरफार होत नसतो.

वारस नोंद झाली तरी उतारा सामाईक राहतो. सामाईक खात्यात इतर खातेदारांचं संमतीपत्र मागतात, आणि भाऊबंदकी असेल तर ती एक सही दिवाळीपर्यंत लांबते. कायमचा इलाज जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडून वाटप करून घेणं. वेळ लागतो, पण मग पाइपलाइन, शेततळं, ठिबक, सगळ्यालाच तो उतारा चालतो.

नावाची गंमत वेगळीच. आधारवर "बाळासाहेब", सातबाऱ्यावर "बाळू", पासबुकात फक्त आद्याक्षरं. माणसाला यात एकच माणूस दिसतो, यंत्रणेला तीन. आधार आणि सातबारा आधी जुळवा, बाकीचं त्यामागून जुळतं.

यंत्र निवडताना जी चूक होते ती मला जास्त खुपते, कारण तिथे नुसता कागदच नाही, पैसाही वाया जातो. चार एकर, त्यात सोयाबीन-तूर, एक एकर ऊस, दोन म्हशी, अशा घरातला माणूस येतो आणि म्हणतो, पंचावन्न एचपीचा टाका. का? शेजाऱ्याकडे आहे. अरे, तुझ्याकडे रोजचं काम काय? सकाळी चारा आणणं, शेणखत टाकणं, महिन्यातून दोनदा कुळवाची पाळी, वर्षातून एकदा नांगरट. भारी काळ्या रानात पलटी नांगर स्वतःच ओढायचा किंवा भाड्याची कामं घ्यायची असतील तर पंचेचाळीसच्या वरचा घ्या, माझी हरकत नाही. पण नांगरट वर्षातून एकदा भाड्याने करून बाकी वर्षभर पस्तीस-चाळीसचा ट्रॅक्टर आणि पाच फुटी रोटाव्हेटर पुरतो. पस्तीसच्या ट्रॅक्टरमागे सात फुटी रोटाव्हेटर लावून काळा धूर काढत चाललेले बघितलेत मी. डिझेल जातं आणि माती नुसती वरवर खरवडली जाते.

अर्जात एचपीची श्रेणी निवडावी लागते, आणि घोटाळा इथे होतो. शोरूमच्या बोर्डावर लिहिलेली अश्वशक्ती इंजिनाची असते. पीटीओवर (ट्रॅक्टरच्या मागच्या, अवजार फिरवणाऱ्या दांड्यावर) मिळणारी त्याहून कमी असते, आणि तपासणी अहवालात ती वेगळी दिलेली असते. श्रेणी निवडण्याआधी डीलरकडून त्या मॉडेलचा तपासणी अहवाल मागून घ्या. मध्य प्रदेशात बुधनी आणि हरियाणात हिस्सार इथल्या केंद्रीय संस्थांमध्ये अशा तपासण्या होतात. अहवाल नसेल तर ते यंत्र अनुदानात बसत नाही, कितीही चांगलं असो. गावच्या वेल्डिंगवाल्याने केलेला वखर मजबूत असेलही, अनुदान मात्र मिळत नाही.

आणि अहवाल आहे म्हणजे झालं असंही नाही. अहवालातलं मॉडेल, डीलरच्या कोटेशनमधलं (दरपत्रकातलं) मॉडेल आणि नंतरच्या बिलावरचं मॉडेल, तिन्ही अक्षर न् अक्षर सारखी हवीत. मॉडेलच्या नावामागे "प्लस" असतं, "डीएक्स" असतं, एखादा आकडा असतो. कोटेशनवर साधं नाव आणि बिलावर "प्लस" आलं, की फाईल परत. डीलर म्हणतो, "साहेब, गाडी तीच आहे." असेल. कागद तेच नाहीत. कोटेशनही ताजं घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, तरी जुन्या दराची कोटेशनं घेऊन लोक अजून येतात.

फक्त अवजार हवं असेल तर ट्रॅक्टरचं आरसी बुक लागतं, तुमच्या किंवा कुटुंबातल्या माणसाच्या नावाचं. मित्राच्या ट्रॅक्टरवर रोटाव्हेटर मागता येत नाही. कडबाकुट्टीच्या बाबतीत एक चूक फार होते: हवी असते विजेवरची आणि यादीत निवडली जाते ट्रॅक्टरचलित अवजारांत. मग पोर्टल आरसी मागतं आणि घरात ट्रॅक्टरच नाही. एकदा एखाद्या अवजाराचा लाभ घेतला की तेच अवजार दहा वर्षं पुन्हा मिळत नाही, दुसऱ्या अवजाराला मात्र अर्ज करता येतो.

यानंतरचा मुद्दा वाचताना बाकी सगळं विसरलात तरी चालेल. पूर्वसंमती पत्र हातात येण्याआधी यंत्र घेऊ नका.

निवड झाल्याचा एसएमएस म्हणजे पूर्वसंमती नव्हे. एसएमएसनंतर कागद अपलोड होतात, ते तपासले जातात आणि मग पूर्वसंमती निघते. मधल्या काळात दसरा किंवा पाडवा येतो आणि शोरूमला ऑफर असते. डीलर म्हणतो, "न्या हो गाडी, पूजा करून घ्या, बिल नंतर फाडू." गेल्या वर्षी आमच्याच एका काकांनी असं केलं. पूर्वसंमती दोन महिन्यांनी आली, बिल त्यानंतरच्या तारखेचं व्यवस्थित निघालं. मोका तपासणीला, म्हणजे जागेवर यंत्र बघायला, अधिकारी आले, यंत्राचा क्रमांक जुळवला, फोटो काढला, आणि जाता जाता डॅशबोर्डवरचा तास मीटर बघितला: १८७ तास. बिल आठ दिवसांपूर्वीचं. काका माझ्याकडे बघायला लागले, मी मीटरकडे. त्या दोन महिन्यांत ट्रॅक्टर बिनबिलाचा, बिननोंदणीचा, बिनविम्याचा रस्त्यावर फिरत होता. अनुदान गेलं ते सव्वा लाखाचं. कोणाला धडक बसली असती तर सव्वा लाखावर भागलं नसतं.

मुदतीचंही चुकीचं वाचलं जातं. पूर्वसंमती पत्रावर जी शेवटची तारीख असते ती नुसती यंत्र उचलण्याची नसते, बिल पोर्टलवर चढवण्याचीही तीच असते. आणि दिवस मोजायचे ते पत्र निघाल्यापासून, तुम्ही केंद्रात येऊन ते बघितल्यापासून नव्हे. "मला मेसेजच आला नाही" म्हणणारे बरेच येतात. प्रोफाइल उघडून बघितलं तर मोबाइल नंबर दुसऱ्याच केंद्रवाल्याचा, घाईत त्याने आपला टाकलेला. मेसेज त्याला आला, त्याने पुसला. माझ्या व्यवसायातल्या माणसांनी असं करू नये, पण करतात. नंबर स्वतःचाच आहे, हे अर्ज भरतानाच स्क्रीनवर बघून घ्या. लाजू नका.

डीलरला पैसे रोख देऊ नका. आरटीजीएस, चेक, काहीही चालेल, पण अर्जदाराच्या खात्यातून. कर्ज असेल तर बँक थेट डीलरला देते, ती नोंद चालते. मुलाच्या फोनवरून पाठवलेले पैसे मुलाचे धरले जातात.

राहिलं अनुदान जमा होणं. ते तुम्ही पासबुकाची झेरॉक्स जोडलेल्या खात्यात येईलच असं नाही. आधारशी सीडिंग (सरकारी पैसे जमा होण्यासाठीची आधार-जोडणी) ज्या बँकेचं, तिथे जातं. बँकेतला माणूस "आधार लिंक आहे" म्हणतो ते केवायसीपुरतं असू शकतं. सीडिंग वेगळं, आणि ते एका वेळी एकाच बँकेचं असतं. आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंगची स्थिती दिसते, दोन मिनिटांचं काम आहे. एक मावशी आठ महिने तालुक्याला खेटे घालत होत्या, पैसे मिळाले नाहीत म्हणून. शेवटी माझ्याकडे आल्या तेव्हा बघितलं. कधीतरी पोस्टमन दारात येऊन अंगठा घेऊन खातं उघडून गेला होता, सीडिंग तिकडे गेलं होतं, आणि रोटाव्हेटरचे पैसे पहिल्या महिन्यातच पोस्टाच्या त्या खात्यात येऊन पडले होते.