व्हिसा पाच वर्षांचा, आय-२० दोन वर्षांचा: कोणता कागद कशासाठी

अमेरिकेतल्या विद्यापीठाकडून एमएससाठी आय-२०, म्हणजे परदेशी विद्यार्थ्याला प्रवेश दिल्याचा फॉर्म, आला की दादर-पार्ल्यापासून डोंबिवलीपर्यंतच्या घरांत पेढे वाटले जातात, आणि त्या आनंदात एक वाक्य हमखास ऐकू येते: “काका, कागद आले, आता फक्त बॅग भरायची.” वास्तविक त्या दिवशी हाती आलेला असतो तो विद्यापीठाचा कागद, सरकारचा अजून यायचा असतो. पुढे व्हिसा मिळाला की गैरसमज दुसऱ्या बाजूला झुकतो. पासपोर्टात पाच वर्षांनंतरची तारीख छापलेली दिसते, आणि मुलीला पाच वर्षे तिथे राहता येईल असे घरातले सगळे धरून चालतात. एजंटांच्या कार्यालयांत या दोन्हींना मिळून ‘व्हिसाची फाइल’ म्हणण्याची पद्धत आहे, आणि माझ्या मते गोंधळाची सुरुवात तिथूनच होते. हे दोन कागद वेगवेगळ्या खात्यांचे आहेत, त्यांच्या मुदती वेगळ्या आहेत आणि त्यांची कामेही वेगळी आहेत.

मुंबईत कॉलेजात शिकलेल्या कुणालाही हा फरक एका परीने आधीच ठाऊक असतो. लोकलच्या पासात विद्यार्थी-सवलत हवी असेल तर कॉलेजच्या कार्यालयातून कन्सेशनचा फॉर्म घ्यावा लागतो आणि तो स्टेशनच्या खिडकीवर न्यावा लागतो. हा आमचा विद्यार्थी आहे, एवढेच कॉलेज सांगते. पास देणे रेल्वेच्या हाती असते, आणि नुसता फॉर्म दाखवून गाडीत बसता येत नाही. आय-२० आणि व्हिसा यांचे नाते सुरुवातीला असेच असते. मात्र ही तुलना अर्ध्या वाटेवर थांबते. लोकलचा पास रोज चालू असावा लागतो आणि फॉर्मचे काम खिडकीवर दिल्याक्षणी संपते. अमेरिकेत नेमके उलट आहे: व्हिसा देशात शिरण्याच्या दिवशी चालू असला म्हणजे पुरे, आणि फॉर्म मात्र शिक्षणाच्या शेवटच्या दिवसापर्यंत सांभाळावा लागतो.

आय-२० देते ते विद्यापीठ. तिथल्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयातील नेमून दिलेला अधिकारी, ज्याला सगळे डीएसओ म्हणतात, तो सेव्हिस या सरकारी संगणकीय नोंदवहीत विद्यार्थ्याची नोंद करतो, आणि त्या नोंदीचा छापील उतारा म्हणजे आय-२०. सेव्हिस २००३ मध्ये सुरू झाले आणि ते अमेरिकेच्या गृहसुरक्षा खात्याच्या अखत्यारीत येते. हा कागद तीन पानांचा असतो. पहिल्या पानावर ‘एन’ने सुरू होणारा सेव्हिस क्रमांक, अभ्यासक्रमाचे नाव, तो सुरू होण्याची आणि संपण्याची तारीख, अमेरिकेत कधीपासून शिरता येईल ती सर्वांत आधीची तारीख आणि एका वर्षाच्या खर्चाचा हिशेब असतो. त्या खर्चाएवढे पैसे बँकेत किंवा मंजूर शैक्षणिक कर्जात आहेत हे दाखवल्याखेरीज विद्यापीठ आय-२० काढत नाही. म्हणून कर्ज मंजुरीच्या पत्राची घाई व्हिसाच्या मुलाखतीच्या आधी नव्हे, आय-२०च्याही आधी करावी लागते. त्याच पानाच्या तळाशी विद्यार्थ्याने स्वतः सही करायची असते, आणि ती राहून जाणे ही सर्वांत सामान्य चूक आहे.

नावाचा मुद्दा मराठी घरांत थोडा अधिक किचकट होतो. आपल्याकडच्या गुणपत्रिकेवर बहुधा आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे आणि पुष्कळदा आईचेही नाव असते. पासपोर्टात मात्र आडनाव वेगळ्या रकान्यात आणि स्वतःचे व वडिलांचे नाव एकत्र दुसऱ्या रकान्यात असते. प्रवेशाचा अर्ज गुणपत्रिका समोर ठेवून भरला, तर आय-२०वर वेगळे नाव उमटते. आय-२० आणि व्हिसा ही दोन्ही कागदपत्रे पासपोर्टातल्या नावाशी जुळली पाहिजेत. चूक दिसली तर डीएसओला कळवून दुरुस्त आय-२० मागवणे सोपे आहे. व्हिसावर ती छापून आल्यानंतर निस्तरणे तितके सोपे नाही.

व्हिसा देते ते परराष्ट्र खाते, म्हणजे आपल्यासाठी मुंबईतील त्यांचा वाणिज्य दूतावास. आधीच्या पिढीला त्याची आठवण ब्रीच कँडीच्या लिंकन हाउससमोरील रांगांची आहे. २०११ पासून तो वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. व्हिसासाठी अर्ज करण्यापूर्वी आय-२० हाती असावाच लागतो, कारण त्यावरचा सेव्हिस क्रमांक टाकूनच ३५० डॉलरचे सेव्हिस शुल्क भरता येते. त्याशिवाय डीएस-१६० हा व्हिसाचा अर्ज आणि १८५ डॉलरचे व्हिसा शुल्क वेगळे. दोन्ही शुल्के डॉलरमध्ये आणि दोन्ही ‘व्हिसासाठीच’ भरल्यासारखी वाटतात, म्हणून एक भरले की दुसरे भरले असे समजणारे कमी नाहीत. पहिले शुल्क विद्यार्थ्याच्या नोंदवहीसाठी गृहसुरक्षा खात्याकडे जाते, तर दुसरे अर्जाच्या तपासणीसाठी परराष्ट्र खात्याकडे जाते आणि व्हिसा नाकारला तरी परत मिळत नाही.

विद्यापीठाने पैसे आणि पात्रता तपासली, मग दूतावासात पुन्हा तेच प्रश्न का विचारतात, अशी तक्रार अनेक पालक करतात. याचे उत्तर असे, की विद्यापीठाचा निर्णय दूतावासावर बंधनकारक नाही. विद्यार्थी अभ्यासक्रमाला लायक आहे का आणि खर्चाची सोय आहे का, एवढेच विद्यापीठ पाहते. व्हिसा अधिकारी अमेरिकेच्या स्थलांतर कायद्याच्या २१४(बी) कलमानुसार असे गृहीत धरूनच सुरुवात करतो, की समोरचा माणूस कायमचा राहायला निघाला आहे, आणि तसे नसल्याचे पटवणे ही अर्जदाराची जबाबदारी असते. म्हणून नामांकित विद्यापीठाचा आय-२० असूनही व्हिसा नाकारला जाऊ शकतो. नाकारला गेला तरी आय-२० त्यामुळे रद्द होत नाही. त्याच आय-२०वर पुन्हा अर्ज करता येतो. सत्र सुरू होण्यापूर्वी जमले नाही, तर प्रवेश पुढच्या सत्रात ढकलून नव्या तारखांचा आय-२० विद्यापीठाकडे मागता येतो. ब्रिटनला जाणाऱ्यांच्या बाबतीत आय-२०चे काम कॅस नावाचा संदर्भ क्रमांक करतो, आणि तिथेही कॅस म्हणजे व्हिसा नव्हे.

आता तारखांकडे वळू, कारण खरा घोटाळा तिथेच होतो. समजा आय-२०वर अभ्यासक्रम २४ ऑगस्ट २०२६ रोजी सुरू होतो आणि मे २०२८ मध्ये संपतो, आणि मुंबईत जूनमध्ये पाच वर्षांचा, कितीही वेळा प्रवेश देणारा एफ-१, म्हणजे विद्यार्थ्यांचा, व्हिसा मिळाला. अमेरिकेत सुरुवातीच्या ३० दिवसांआधी शिरता येत नाही, म्हणजे २५ जुलैच्या आधीचे तिकीट काढून उपयोग नाही, मग व्हिसा जूनपासून चालू असला तरी. उलट बाजूने, चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे, घरचा गणपती करून निघते असेही म्हणता येत नाही, कारण विद्यापीठात हजर होण्याची तारीख उलटून गेलेली असते आणि सत्र सुरू झाल्यापासून ३० दिवसांत विद्यापीठाने सेव्हिसमध्ये हजेरीची नोंद करायची असते. शेवटाकडे पाहिले तर व्हिसा २०३१ पर्यंतचा दिसतो. पण मे २०२८ मध्ये पदवी पूर्ण झाली की आवरून निघायला ६० दिवस मिळतात. त्या मुदतीत दुसऱ्या अभ्यासक्रमाचा आय-२० घेतला नाही किंवा ओपीटीसाठी, म्हणजे शिक्षणानंतरच्या बारा महिन्यांच्या कामासाठी, अर्ज केला नाही, तर पासपोर्टात तीन वर्षांचा व्हिसा शिल्लक असूनही तिथे राहण्याचा हक्क उरत नाही.

याच्या उलट चित्र पीएचडीच्या विद्यार्थ्याचे. त्याचा अभ्यास सहा वर्षे चालला आणि व्हिसा पाचव्या वर्षी संपला, तर काहीही बिघडत नाही. आय-२० मुदतीत आहे, अभ्यास पूर्णवेळ चालू आहे, एवढे पुरे. घरून घाबरलेला फोन येतो, “अरे, तुझा व्हिसा संपला ना, आता?” आणि तो शांतपणे प्रयोगशाळेत असतो. अडचण येते ती बहिणीच्या लग्नाला मुंबईत आला की, कारण परतताना दारातून पुन्हा शिरायचे असते आणि त्यासाठी नवा व्हिसा बाहेरच्या दूतावासातूनच घ्यावा लागतो. कॅनडा किंवा मेक्सिकोत ३० दिवसांपेक्षा कमी काळ जाऊन परत येणाऱ्यांना संपलेल्या व्हिसावरही प्रवेशाची सवलत आहे, पण तिथे असताना नव्या व्हिसासाठी अर्ज केला तर ती मिळत नाही. आय-२०ची मुदत मात्र संपू देता येत नाही. अभ्यास लांबणार असेल तर त्यावरची शेवटची तारीख येण्यापूर्वी डीएसओकडून वाढवून घ्यावी लागते. तारीख उलटल्यावर नुसती विनंती पुरत नाही.

दारातून आत घेण्याचा अंतिम निर्णय मात्र या दोन्ही कागदांचा नसतो. विमानतळावरचा अधिकारी पासपोर्ट, व्हिसा आणि आय-२० पाहून आय-९४ ही प्रवेशाची नोंद करतो. विमानाने येणाऱ्यांसाठी ती २०१३ पासून संगणकातच होते, त्यामुळे उतरल्यावर संकेतस्थळावरून ती उतरवून घ्यावी आणि त्यावर एफ-१ आणि मुक्कामाची मुदत बरोबर आहे ना, हे पाहावे. या मुदतीच्या जागी वर्षानुवर्षे तारखेऐवजी ‘डी/एस’ ही अक्षरे येत आली, म्हणजे विद्यार्थ्याचा दर्जा टिकेल तोवर. ऑगस्ट २०२५ मध्ये गृहसुरक्षा खात्याने त्याऐवजी जास्तीत जास्त चार वर्षांची ठरावीक मुदत देण्याचा प्रस्ताव मांडला, म्हणून निघण्याच्या सुमारास चालू नियम डीएसओकडून विचारून घ्यावा. ‘दर्जा’ हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. डीएसओला न विचारता विषय कमी करणे, सत्र चालू असताना विद्यापीठाच्या आवारात आठवड्याला २० तासांहून अधिक काम करणे किंवा परवानगीशिवाय आवाराबाहेर नोकरी धरणे, यांपैकी काहीही केले तर दर्जा जातो आणि सेव्हिसची नोंद बंद होऊ शकते. पासपोर्टातला व्हिसा त्या दिवशीही जसाच्या तसा चकाकत असतो.

दोन्ही गोष्टी एकमेकींपासून किती सुट्या आहेत हे २०२५ च्या वसंतात कटू रीतीने दिसले. त्या काळात अनेक विद्यार्थ्यांचे व्हिसा रद्द झाले आणि हजारोंच्या सेव्हिस नोंदी एकाएकी बंद झाल्या. नुसता व्हिसा रद्द झाला तर तो पुढच्या प्रवेशासाठी निकामी होतो, आत असलेल्याचा अभ्यास आपोआप थांबत नाही. नोंद बंद झाली तर मात्र मुक्कामालाच धक्का बसतो. विद्यार्थी न्यायालयात गेले ते मुख्यतः नोंदींसाठी, आणि एप्रिलअखेरीस सरकारने त्या पूर्ववत करायला सुरुवात केली. आपला व्हिसा रद्द झाला की नोंद बंद झाली, हे ज्यांना त्या आठवड्यांत नेमके सांगता येत होते त्यांना वकिलाकडून सल्ला मिळवणेही सोपे गेले असणार.

विद्यापीठ बदलणाऱ्यांचीही गंमत होते. व्हिसावर पहिल्या विद्यापीठाचे नाव छापलेले असते. अमेरिकेत शिकत असताना सेव्हिसची नोंद दुसऱ्या विद्यापीठाकडे वळवली तर आय-२० नवा मिळतो, क्रमांक तोच राहतो, आणि जुन्या नावाचा व्हिसा मुदतीत असेपर्यंत चालतो. पहिल्यांदा जाताना मात्र ज्या विद्यापीठाचे नाव व्हिसावर आहे त्याचाच आय-२० हातात हवा. दोन आय-२० मिळाले आणि मुलाखतीनंतर मन बदलले, तर विमानात बसण्याआधी दोन्हीकडच्या डीएसओंशी बोलणे भाग आहे.

प्रवासात दोन्ही कागद हातातल्या बॅगेत असावेत. आय-२० मोठ्या सुटकेसमध्ये राहिला आणि ती सुटकेस पट्ट्यावर यायची असेल, तर अधिकारी त्याच्या मर्जीनुसार आय-५१५ए हा तात्पुरता कागद देऊन ३० दिवसांपुरते आत घेऊ शकतो. पण त्या मर्जीवर विसंबू नये.

आमच्या इमारतीतली एक मुलगी गेल्या डिसेंबरात तीन आठवड्यांसाठी घरी आली होती. व्हिसा चालू, आय-२०ची मुदत बाकी, त्यामुळे घरात निश्चिंती होती. निघण्याच्या आठवडाभर आधी तिच्या बाबांनी फाइल माझ्यासमोर ठेवली आणि विचारले, “एकदा बघून घ्या, सगळे ठीक आहे ना?” आय-२०च्या दुसऱ्या पानावर परत आत येण्यासाठी डीएसओची प्रवासाची सही असते; ती एक वर्ष चालते, ओपीटीवर असताना सहाच महिने. तिच्या पानावरची सही चौदा महिन्यांपूर्वीची होती. तिने त्याच रात्री डीएसओला ईमेल केला. आता आय-२० ईमेलने पाठवता येतो आणि त्यावर डिजिटल सहीही चालते, त्यामुळे नव्या सहीचा कागद दोन दिवसांत आला आणि गोखले रोडवरच्या झेरॉक्सच्या दुकानात छापून घेतला. पहिल्या पानाच्या तळाशी तिची स्वतःची सही तेवढी राहिली होती. ती तिने तिथेच दुकानदाराचे पेन मागून केली.