पार्श्वभूमी: गोव्याच्या घरात वाईन का टिकत नाही

गेल्या मे महिन्यात फोंड्यातल्या एका ओळखीच्या घरी रेड वाईनची बाटली उघडण्याचे काम माझ्याकडे आले. वरचे वेष्टण काढले तर बूच बाटलीच्या तोंडातून दोनेक मिलिमीटर वर सरकलेले, कडेला वाळलेला चिकट ओघळ. पेल्यात रंग विटकरी, वास शिजवलेल्या मनुकांचा. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसासाठी ती तीन वर्षे काचेच्या कपाटात जपली होती. जपण्यात हयगय मुळीच झाली नव्हती. जपण्याची रीत मात्र दुसऱ्याच पेयाची होती.

ती रीत आपल्याला फेणीने लावली. 42 टक्क्यांच्या आसपास मद्यार्क असलेली फेणी गाराफांवात (मोठ्या पोटाच्या काचेच्या बाटलीत) भरून कोठीच्या कोपऱ्यात ठेवली, की मुलाचे लग्न होईपर्यंत तिच्याकडे बघायची गरज नसते. हुर्राकाचे तसे नाही, हे गोव्यात शाळकरी पोरालाही ठाऊक असते. काजूच्या रसाची ही पहिल्या धारेची, जेमतेम 15 टक्क्यांची दारू हंगामात येते आणि पावसाच्या तोंडावर संपवायची असते. वाईन 12 ते 14 टक्क्यांची, म्हणजे बळाने हुर्राकाच्या पंगतीतली. घरात तिला जागा मिळाली ती मात्र फेणीच्या शेजारी.

पोर्तुगीज काळातही इथे साधी वाईन टिकवणे कोणाला जमले होते असे नाही. विषुववृत्त दोनदा ओलांडून येणाऱ्या जहाजात जे तगले तेच गोव्यात रुजले, आणि तगायची ती मद्यार्क मिसळून कडक केलेली वाईन. पोर्ट वाईन आंबत असतानाच तिच्यात द्राक्षांची तीव्र दारू घालतात. आंबणे थांबते, गोडी राहते आणि ताकद 20 टक्क्यांपर्यंत जाते. अटलांटिकमधल्या पोर्तुगीज मदैरा बेटावरच्या वाईनची गंमत तर अशी, की पिंपे उष्ण कटिबंधातून हिंदुस्थानापर्यंत जाऊन परत आली तेव्हा आतली वाईन बिघडण्याऐवजी सुधारल्याचे ध्यानात आले. पुढे बेटावरच तिला मुद्दाम ऊब देऊ लागले. वाईन आणि लसूण यांत मुरवलेल्या मांसाचा पोर्तुगीज पदार्थ इथे विंदालू झाला, तेव्हा वाईनची जागा माडाच्या व्हिनेगरने घेतली. चर्चच्या नियमात वेदीवरची वाईन बिघडलेली चालत नाही, त्यामुळे तिची खरी काळजी वाहिली गेली ती तिथे. 1955 नंतर भारताने गोव्याची केलेल्या आर्थिक नाकेबंदीतही पोर्तुगालची वाईन येत राहिली. 1961 नंतर बाहेरची द्राक्षे आणून केलेल्या गोड, स्वस्त पेयाला ‘पोर्ट’ म्हणू लागले. नाव पोर्तो शहराचे, पण पोर्तुगालच्या दोरू नदीच्या खोऱ्यातल्या त्या वाईनशी नाते नावापुरतेच. पोर्ट म्हणजे वर्षानुवर्षे टिकणारी, हा समज मात्र नावाबरोबर चिकटून राहिला.

खरा घोटाळा केला तो ‘रूम टेम्परेचर’ या शब्दाने. रेड वाईन रूम टेम्परेचरला प्यावी, हे वाक्य आज वाईनच्या दुकानातला पोरगासुद्धा सांगतो. ते जन्मले युरोपात, घरे यंत्राने गरम होऊ लागण्याआधी. तिथे वाईन तळघरात, 12 अंशांच्या आसपास असायची. जेवणाआधी ती वर खोलीत आणून ठेवायचे, आणि ती खोली असायची 16 ते 18 अंशांची. म्हणजे ‘रूम’ हा शब्द वाईन थोडी कोमट करण्यासाठी होता, आणि तोही पिण्यापुरता. ठेवण्याशी त्याचा काहीच संबंध नव्हता.

पणजीतली खोली जानेवारीच्या पहाटे कशीबशी 20 अंशांवर उतरते. मे महिन्यात दुपारी ती 33 वर असते आणि रात्रीही 26 च्या खाली येत नाही. तळघर म्हणावे, तर पावसाळ्यात विहिरी काठोकाठ भरणाऱ्या या भूमीत कोणी ते खणलेच नाही. उलट घरे उंच जोत्यावर बांधली. उष्णता 10 अंशांनी वाढली की रासायनिक बदलांचा वेग साधारण दुप्पट होतो, हा ढोबळ हिशेब धरला तर तळघरातली सुमारे तीन वर्षे आपल्या शोकेसमध्ये एका वर्षात उरकतात. शिवाय तापलेली वाईन फुगून बूच वर ढकलते, रात्री आकसली की त्याच फटीतून हवा आत ओढते. फोंड्याच्या त्या बाटलीत नेमके हेच झाले होते.

बाटल्यांवरची ‘थंड व कोरड्या जागी ठेवा’ ही सूचनाही अर्धीच खरी. बूच ओले राहावे म्हणून बाटली आडवी ठेवतात, हवेत 60 ते 70 टक्के दमटपणा असलेला बरा. आपल्याकडे जुलैत तो 90 च्या घरात जातो. लेबलवर बुरशी चढते, आतल्या वाईनला त्याने काही होत नाही. ती मरते उकाड्याने आणि उजेडाने.

म्हणून ‘वाईन फ्रिजमध्ये ठेवू नये’ हा सल्ला गोव्यापुरता तरी मला घातक वाटतो. फ्रिज 4-5 अंशांवर असतो, तिथली कोरडी हवा बूच सुकवते, हे खरे. पण त्याला बरेच महिने लागतात, आणि एवढे महिने आपल्याकडे किती बाटल्या थांबतात? 2000 च्या सुमारास नाशिककडच्या वाईनचा जोर वाढला आणि साध्या, कडक न केलेल्या वाईन प्रथमच मध्यमवर्गीय घरांत पोचल्या. त्यातल्या बऱ्याच एक-दोन वर्षांत प्यायच्या असतात. पुष्कळ बाटल्यांना आता फिरवून उघडायचे धातूचे झाकण असते, तिथे बुचाचा प्रश्नच नाही. रेड असेल तर पिण्याआधी साधारण पाऊण तास बाहेर काढावी. उघडलेली बाटली झाकण लावून फ्रिजमध्ये तीन-चार दिवस बरी राहते, ओट्यावर दुसऱ्याच दिवशी आंबटाकडे झुकते.

हल्ली फ्लॅटमध्ये वाईनसाठी छोटी कपाटे घेतात. घेताना आत कॉम्प्रेसर आहे का ते आधी विचारावे. कॉम्प्रेसर नसलेली कपाटे बाहेरच्या हवेपेक्षा ठरावीक अंशच खाली जाऊ शकतात, त्यामुळे मे महिन्यात त्यांचा आकडा 18-20 च्या खाली उतरत नाही. ज्यांचे गावचे घर अजून उभे आहे, त्यांनी चिऱ्याच्या जाड भिंतीची उत्तरेकडची कोठी बघावी. जमिनीलगत, खिडकीपासून दूर ठेवलेली बाटली तिथे दिवाळी ते शिमगा नीट राहते. चैत्र लागला की फ्रिजमध्ये.