हात विसरत नाही, तीच तर भानगड आहे

आधीच सांगते, क्रिकेटची नव्हे, लांबलचक लेनवर जड बॉल सोडून १० पिना पाडायची ती बॉलिंग. कॉलेजात असताना वेड्यासारखी खेळायचे, मग १५-१६ वर्षं बॉलला हात नाही, आणि आता परत उभी राहिले तर पहिलाच बॉल थेट गटरात (लेनच्या कडेची पन्हळ), दुसराही तिथेच. गंमत अशी की चार पावलं, हाताचा झोका, शेवटचं घसरतं पाऊल, सगळं आपोआप झालं, काही आठवावंच लागलं नाही. बॉल तेवढा भलतीकडे गेला.

म्हणजे विसरले नव्हते. अशी कसबं मेंदूत वेगळ्या खात्यात राहतात. हेन्री मोलेसन नावाच्या पेशंटचं १९५३ मध्ये फिट्ससाठी ऑपरेशन झालं, त्यात नव्या आठवणी घडवणाऱ्या हिप्पोकॅम्पसचा बराच भाग काढला आणि त्यानंतर नवीन काही त्याच्या लक्षात राहीना. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिलनर यांनी त्याला आरशात बघून चांदणी गिरवायला लावली, तर रोज त्याला वाटायचं हे आपण पहिल्यांदाच करतोय, पण हात मात्र दिवसागणिक सुधारत गेला! अशा हालचाली लहान मेंदू आणि मेंदूच्या आत खोलवर असलेले बेसल गॅंग्लिया सांभाळतात, आणि तिथलं शिकलेलं वर्षानुवर्षं टिकतं.

मग गटर का? मला वाटतं गडबड नेमकी इथेच आहे, सगळं जसंच्या तसं आठवतं. लहान मेंदू हालचाल व्हायच्या आधीच हिशोब मांडतो, जोर किती, हात सोडायचा कधी, पण तो हिशोब विशीतल्या खांद्याचा. आता खांदा आखडलाय, अंगठा जाडावलाय, भीतीने पकड घट्ट होते आणि अंगठा बॉलच्या भोकातून जरासा उशिरा सुटतो. जरासाच, पण फाउल लाइनपासून (बॉल सोडताना जी ओलांडायची नाही ती रेघ) पहिली पिन ६० फुटांवर असते, तिथे १ डिग्रीची चूक म्हणजे साडेबारा इंच, आणि शेजारच्या दोन पिनांमधलं अंतर १२ इंच. म्हणजे १ डिग्री हुकली की अख्खी पिन हुकली. लेन जेमतेम साडेतीन फूट रुंद, त्यामुळे मधोमधून सोडलेला बॉल पावणेदोन डिग्री वाकडा गेला की पिनांपर्यंत पोचायच्या आतच गटरात.

जुना १५ पौंडांचा बॉल उचलायचा हट्टही मी केलाच. खरं तर गरज नव्हती, कारण खांद्यापासून सैल सोडलेला हात लंबकासारखा झुलतो, आणि लंबकाला एका झोक्याला किती वेळ लागतो ते लांबीवर ठरतं, वजनावर नाही. ११ पौंडांचा घेतला तरी लय जवळपास तीच राहते. उलट जड बॉल पेलत नसला की आपण हात ओढतो, खेचतो आणि लय तिथेच बिघडते.

आणि लेन? तिच्यावर तेल असतं, साधारण पहिले ४० फूट, डोळ्यांना धड दिसतही नाही. बॉल तेलावर घसरतो, पुढे कोरड्या भागात पकड घेऊन वळतो आणि मग नुसता लोळत जातो. उजव्या हाताचा खेळाडू पहिल्या आणि तिच्या मागे उजवीकडे असलेल्या तिसऱ्या पिनेच्या फटीत साधारण ६ डिग्रीच्या कोनात बॉल घुसवायला बघतो, तो नीट बसला तर बॉल स्वतः फक्त १, ३, ५ आणि ९ नंबरच्या पिनांना लागतो, बाकीच्या पिना एकमेकींना पाडतात. सरळ बॉलला हा कोन मिळत नाही, वळण लागतंच. माझा जुना प्लॅस्टिकचा बॉल फार वळायचा नाही, आता हातात आला तो रिअॅक्टिव्ह रेझिनचा, १९९० नंतर आलेली जात, कोरड्यावर अशी पकड घेते की लेनवर आखलेल्या माझ्या जुन्या बाणावर नेम धरून काही उपयोगच नव्हता. त्यातून प्रत्येक बॉलबरोबर तेल थोडं थोडं सरकतं.

पण एकदा शिकलेलं पुन्हा शिकायला कमी वेळ लागतो, एबिंगहाउस या मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून हे दाखवलं होतं (त्याने निरर्थक अक्षरं पाठ केली होती, बॉलिंग नाही). माझा नेम दुसऱ्या गेमच्या मध्यावर जागेवर यायला लागला, म्हणून लगेच आणखी तीन गेम ठोकले. स्नायू बऱ्यापैकी लवकर ताकद धरतात, त्यांना हाडाशी बांधणारे टेंडन मात्र सावकाश सुधारतात, हे मला माहीत होतं. तरी खेळले. दुसऱ्या दिवशी कुल्ला आणि मांडी धरली ती डावीकडची, कारण घसरत्या पावलावर अख्ख्या अंगाला ब्रेक तोच पाय लावतो, आणि उजव्या अंगठ्याने चार दिवस शर्टाची बटणं लागत नव्हती.